वहीतून फिरलेला फॉर्म

आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एक वही फिरते. वसई पूर्वेला, हायवेच्या अलीकडे, तीन रांगांत मिळून चाळीसेक गाळे. एकात प्लास्टिकच्या बादल्या होतात, दुसऱ्यात स्टीलचे डबे, तिसऱ्यात पुठ्ठ्याची खोकी. माझ्या गाळ्यात पंपांना लागणारे पितळी बुश होतात, म्हणजे बोटात घालायच्या अंगठीपेक्षा थोड्या मोठ्या, जाड कड्या. पाण्याची टाकी धुवायची असो, शुक्रवारी वीज जाणार असो, नाहीतर दसऱ्याची पूजा असो, इस्टेटचे सेक्रेटरी वहीत चार ओळी लिहितात आणि वॉचमन ती वही गाळ्यागाळ्यांतून फिरवतो. आपण फक्त वर कोणाकोणाच्या सह्या झाल्यात ते बघायचं आणि खाली आपली ठोकायची. मजकूर वाचणारा माणूस मी आमच्यात अजून पाहिलेला नाही. एकदा सेक्रेटरींच्या हातून चुकून कोरंच पान गेलं, तर त्यावर अकरा सह्या होऊन वही परत आली. त्यातली एक माझी होती.

हे मी चारचौघांत हसत सांगतो. पुढचं कधी सांगितलेलं नाही, कारण पुढचं सांगताना मला माझीच लाज वाटते. तरी आता लिहूनच टाकतो.

आधी माझ्याबद्दल. मी आयटीआय झालेला टर्नर. सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी दोन वर्षं लेथवर उभा राहिलो, मग मुंबईत एका कंपनीत अठरा वर्षं काढली, ती बंद पडल्यावर हा गाळा घेतला. राहायला एव्हरशाईन सिटीत. आमच्या मजल्यावर बाकी सगळे पदवीधर; कोणी बँकेत, कोणी विमा कंपनीत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते इंग्रजीत भांडतात आणि मी मान डोलावतो. ड्रॉइंग कसलंही द्या, मी वाचतो. मशीनबरोबर येणारं पुस्तक वाचतो. पण इंग्रजीत सरळ एक वाक्य लिही म्हटलं की मला घाम फुटतो. ही गोष्ट गाळ्यात कोणाला ठाऊक नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मीही ती उघडत नव्हतो.

सहा-सात वर्षांपूर्वी जवळच्याच एका कॉलेजातल्या मॅडम गाळ्यावर आल्या. चाळिशीच्या, खांद्याला कापडी पिशवी, पायात साध्या चपला. त्या पीएचडी करत होत्या. विषय त्यांनी मला एका वाक्यात सांगितला: कॉलेजं शिकवतात काय आणि कारखान्यांना लागतं काय. त्यांच्या कॉलेजात उत्पादन-तंत्राची तीन वर्षांची पदवी नवीनच सुरू झाली होती. वर्कशॉप होतं, चार लेथ होते, मोजमापाची हत्यारं होती. अभ्यासक्रम लवकरच बदलणार होता आणि बदलताना इथल्या उद्योगांना विचारून बदलावा असं त्यांनी लावून धरलं होतं. असं विचारायला येणारं माणूस मला आयुष्यात पहिल्यांदाच भेटलं होतं, आणि मी त्यांना उभं ठेवलं.

त्या दिवशी माझं डोकं फिरलेलं होतं. एक अख्खा लॉट परत आलेला, दोन गोणी बुश दारातच पडलेले. मॅडमनी सहा पानी फॉर्म काढला. तो इंग्रजीत होता. बहुतेक माझा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "साहेब, विद्यापीठासाठी इंग्रजीत करावा लागतो हो. पण मी मराठीत विचारते, तुम्ही बोला, मी लिहून घेते. तासभर लागेल."

माझे कान तापले. मागे माझे दोन कामगार ऐकत होते. मला वाटलं, हिला कळलं.

"इंग्रजी येतं आम्हाला मॅडम," मी म्हटलं. "इतकेही अडाणी नाही आम्ही. ठेवून जा."

बाई बिचारी गोरीमोरी झाली. "तसं नव्हतं म्हणायचं मला," म्हणाली. तिला तसं म्हणायचं नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मॅडम लगेच गेल्या नाहीत. मशीनजवळच्या स्टुलावर अर्धा तास बसल्या. माझा ऑपरेटर दर दहाव्या बुशाला थांबून जाडी मोजायचा मायक्रोमीटर का लावतो, ते त्याला विचारत होत्या, आणि तो सांगतही होता. मी पाठ फिरवून फोनवर बोलत राहिलो. फोनवर कोणी नव्हतं.

माझ्याकडच्यासारखेच अनुभव त्यांना आणखी चार गाळ्यांत आले असणार. कारण शेवटी त्यांनी फॉर्मचा गठ्ठा सेक्रेटरींकडे दिला, आणि सेक्रेटरींनी आपल्या सवयीने तो वहीत घालून फिरवला.

आता गंमत बघा. भरलेला फॉर्मही वहीतच ठेवायचा होता. पहिला फॉर्म गेला गाळा नंबर एकला, बादल्यावाल्या शेठकडे. त्यांचा पुतण्या नुकताच एमबीए होऊन आलेला. त्याने झोकात भरला. फॉर्ममध्ये एकेका कौशल्यापुढे एक ते पाच आकडे होते, जितकं महत्त्वाचं तितक्या मोठ्या आकड्याला गोल. पुतण्याने संवादकौशल्याला पाच दिले. टीमवर्कला पाच. नेतृत्वाला पाच, व्यक्तिमत्त्वाला पाच. हत्यारं वापरता येणं, दोन. अचूक मोजमाप, दोन. बादलीचं तोंड जरा वाकडं असलं तरी पाणी सांडत नाही, त्यामुळे त्याच्या हिशोबाने त्याचं चूक नव्हतं. पण वही तिथून पुढे निघाली, आणि दोन नंबरने एक नंबरचं बघितलं, तीन नंबरने दोनचं. मेंढरामागे मेंढरू.

माझा गाळा नंबर तेवीस. वही आली तेव्हा वर बावीस फॉर्म होते आणि बावीसही एकसारखे. मी पेन काढलं आणि गोल करत सुटलो. मोजमापाच्या ओळीवर हात थांबला. हे मी स्वतःला बरं दाखवायला लिहीत नाही, खरंच थांबला. ज्या माणसाची रोजीरोटी केसाच्या जाडीइतक्या फरकावर चालते तो मोजमापाला दोन देणार? पण मग वाटलं, सगळ्यांनी दोन दिलेत, आपण एकट्याने पाच दिले तर मॅडम विचारायला येणार, का दिले म्हणून. मग बसून समजावून सांगावं लागणार. मी दोनला गोल केला.

शेवटच्या पानावर एक मोकळा प्रश्न होता. तेवढा मला बरोबर समजला: पदवीधर मुलाला पहिल्या दिवशी कामावर कोणती एक गोष्ट आलीच पाहिजे? खाली दोन रिकाम्या ओळी. उत्तर माझ्या जिभेवर होतं. त्याला मायक्रोमीटर धरता आला पाहिजे, आणि माल बिघडला तर मालकाच्या तोंडावर 'जॉब गेला' म्हणता आलं पाहिजे. बस. एवढंच मराठीत लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण वरचे बावीस इंग्रजीत होते. मग मीही लिहिलं, गुड कम्युनिकेशन. तेसुद्धा वरच्या फॉर्ममधून एकेक अक्षर बघून उतरवलं. खाली सही केली आणि प्रोप्रायटरचा शिक्का मारला. पाच मिनिटं लागली असतील. चहा अजून गरम होता.

वर्षभराने कॉलेजातून बोलावणं आलं. उद्योगांचे प्रतिनिधी म्हणून आम्ही तिघे जण, पुढच्या रांगेत. शाल, श्रीफळ, आणि हल्ली देतात तसं कुंडीतलं रोप. आयुष्यात कॉलेजची पायरी न चढलेला मी, तिथे स्टेजवर माझा सत्कार झाला. खोटं कशाला सांगू, छाती फुगली होती. मॅडमनी पडद्यावर आलेख दाखवला. संवादकौशल्याचे, व्यक्तिमत्त्वाचे खांब उंचच उंच, सगळे एका मापाचे. मोजमाप आणि हत्यारं खाली, बुटकी.

मॅडम थोडा वेळ त्या आलेखाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "इतकं एकमत मी कुठल्याच सर्वेक्षणात पाहिलेलं नाही. मला स्वतःला थोडी शंका होती. आज प्रत्यक्ष उद्योजकच इथे आहेत, त्यांनाच विचारते." आणि माझ्याकडे वळल्या. "साहेब, तुमच्या गाळ्यात मी मोजमाप करताना पाहिलं होतं. खरंच ते इतकं खाली आहे का हो?"

बाईने मला दुसऱ्यांदा दार उघडून दिलं होतं. सभागृहात प्राचार्य, विद्यापीठाकडून आलेले दोघे, दीडशे मुलं. माझ्या मांडीवर ती शाल आणि नारळ. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "अगदी बरोबर आहे मॅडम. आजकाल मुलांना बोलता येत नाही, हाच प्रॉब्लेम आहे." टाळ्या पडल्या. मॅडमसुद्धा हसल्या, पण जरा उशिरा.

नवा अभ्यासक्रम आला. वर्कशॉपचे तास जवळजवळ सगळे गेले, त्या खोलीत एसी बसवून संवादकौशल्याची प्रयोगशाळा झाली. हे मला कसं कळलं, तर वहीतून. कॉलेजचं वर्कशॉपचं जुनं साहित्य काढून टाकायचं आहे, कोणाला हवं असल्यास संपर्क साधावा. आयुष्यात वहीतली तेवढीच एक सूचना मी अक्षर न अक्षर वाचली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो घेऊन हजर झालो. मायक्रोमीटरचा सेट आणला, लाकडी पेटीसकट. जुना कसला, मुलांचे हात चार सेमिस्टर लागले असतील. पेटीवर पांढऱ्या रंगात कॉलेजचा विभाग आणि नंबर लिहिलेला होता. तो मी पुसलाही नाही.

त्यानंतर तीन-चार वर्षं मला या सगळ्याची आठवणही झाली नाही. कारखान्यात माणसाला चिंता कमी नसतात.

मग गेल्या वर्षी मला तपासणीला माणूस हवं होतं. माझे डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. जाहिरात टाकली तर एक मुलगी आली. अर्नाळ्याची, वडील बोटीवर जाणारे, आई वसईच्या बाजारात मासे विकणारी. सकाळची बस धरून आगाशीवरून विरार, तिथून पुढे रिक्षा करत माझ्या गाळ्यापर्यंत. उत्पादन-तंत्राची पदवी, प्रथम श्रेणी. इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल. आली, बसली, आणि असं काही इंग्रजी बोलली की मी खुर्चीत सावरून बसलो. स्वतःची ओळख, आपली बलस्थानं, पाच वर्षांनी आपण कुठे असू, सगळं घडाघडा.

मी तिच्यापुढे पाच बुश ठेवले आणि ती लाकडी पेटी. म्हटलं, "यातला एक मापाबाहेर आहे. कुठला ते सांग."

तिने पेटी उघडण्याआधी वरचा नंबर वाचला. "सर, हे आमच्या कॉलेजचं आहे."

"हो," मी म्हटलं. "जुनं झालं होतं."

तिने मायक्रोमीटर हातात घेतला. म्हणाली, "पुस्तकात वाचलंय सर, हातात पहिल्यांदाच घेतेय." मागे एक छोटी कुरकुर वाजणारी चकती असते, ती फिरवायची, म्हणजे किती दाबायचं ते हत्यारच ठरवतं. तिला ती माहीत नव्हती. ती नळाची तोटी बंद करावी तसा आवळत होती. प्रत्येक वेळी वेगळं माप येत होतं. कागदावर तिने पाचही मापं नीट मांडली, सूत्र बरोबर लिहिलं, आणि उत्तर चुकलं. दहा मिनिटांत तिच्या नाकावर घाम आला. माझा ऑपरेटर मागून बघत होता.

आणि मी काय केलं? मी चिडलो. "तीन वर्षं कॉलेजात काय केलंत?" म्हणालो.

तिने मायक्रोमीटर पेटीत ठेवला, अगदी हळू. म्हणाली, "सर, आमच्या मॅडम सांगायच्या की इथल्या सगळ्या कारखान्यांना विचारून अभ्यासक्रम केलाय. त्यांना हेच हवंय." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. शिकवलेलं सांगत होती.

त्या वेळी तरी बोलायचं ना! मी म्हणालो, "तुला हे काम जमणार नाही. बोलतेस चांगलं, ऑफिसचं काहीतरी बघ." ती "थँक यू सर" म्हणून फाईल उचलून गेली. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, ती म्हण मला त्या दिवशी स्वतःच्या तोंडात घास असताना कळली. तो मायक्रोमीटर मी स्वतः पेटीत बघितला तर तिने तो पुसून ठेवला होता.

आठ दिवस मी गाळ्यात सगळ्यांवर खेकसत होतो. कॉलेजात जायचं ठरवायचो आणि काहीतरी काम काढायचो. नवव्या दिवशी गेलो. मॅडमची पीएचडी झाली होती, आता त्या विभागप्रमुख. मी खुर्चीत बसलो आणि वाटेत पाठ केलेलं सांगून टाकलं: वही, पुतण्या, बावीस फॉर्म, गुड कम्युनिकेशन. "मी वाचलाच नाही मॅडम. उतरवला. सगळ्यांनीच उतरवला."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं रागावतील, आणि रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला शंका आली होती," त्या म्हणाल्या. "गाईडना विचारलं, ते म्हणाले, एकमत आहे हेच तुमच्या संशोधनाचं बळ. मलाही प्रबंध संपवायचा होता हो. घर, मुलं, नोकरी. मी परत यायला हवं होतं तुमच्या गाळ्यावर." मग म्हणाल्या, "पण मी स्टेजवर तुम्हाला विचारलं होतं."

"विचारलं होतंत," मी म्हटलं.

त्यांनी समितीला पत्र लिहायचं कबूल केलं, आणि लिहिलंही. पुन्हा सगळ्या गाळ्यांवर येते म्हणाल्या, या वेळी फॉर्म न घेता, मराठीत. तशा आल्याही. समित्यांचं आपलं आपल्या गतीने चाललंय. पण मी निघताना त्या एक म्हणाल्या ते डोक्यात बसलं. "पुढच्यांचं करू आपण काहीतरी. जी मुलं बाहेर पडली, ती तर पडली."

मी त्या मुलीला फोन केला. म्हटलं, ये, शिकवतो, शिकताना पगार देतो. ती घरीच होती, आईबरोबर बोंबील वाळत घालत होती. दुसऱ्या दिवशी आली. तिचे हात मासळीच्या कामावर तयार झालेले, हलके आणि न थांबणारे. तीन आठवड्यांत मायक्रोमीटर तिच्या बोटांना कळायला लागला. चौथ्या महिन्यात, मी एका गिऱ्हाइकाला चहा पाजत असताना ती हातात बुश घेऊन आली आणि त्याच्यासमोर म्हणाली, "सर, जॉब गेला. टूल झिजलंय. सकाळपासूनचा सगळा माल बघायला लागेल." गिऱ्हाईक माझ्याकडे बघायला लागलं. मला इतका अभिमान वाटला आणि त्याच वेळी इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं, की मी उठून मशीनकडे गेलो.

कारण तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. तिच्या लेखी मी मोठ्या मनाचा माणूस होतो. आपल्याला काही येत नसताना सरांनी ठेवून घेतलं, असं ती सगळ्यांना सांगायची. मी ऐकायचो आणि गप्प बसायचो. खरं म्हणजे गप्प बसणं सोपं जात होतं, आणि त्या मोठ्या मनाची थोडी गोडीही लागली होती. ही त्या सगळ्यातली सर्वांत घाण गोष्ट.

एका सोमवारी तिची आई गाळ्यावर आली. पिशवीत कागदात बांधलेले सुके बोंबील आणि सोडे. बाहेरच उभी राहिली, आत या म्हटलं तरी येईना. म्हणाली, "दादा, माझ्या पोरीला तुमी मानसात आनलं. ती तं घरी येऊन रडायची, आये, माझं डोकंच नाय म्हनायची. तीन वरसं शिकली पन डोक्यात काय गेलंच नाय म्हनायची. अशा पोरीला तुमी ठेवलं. देव तुमचं भलं करो."

मी पिशवी घेतली. बोललो काय, तर "कशाला आणलंत?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मशीनं बंद होती. कामगार बाहेर टपरीवर गेले होते. मी तिला बोलावलं, स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगितलं. फॉर्म, दोनला केलेला गोल, शाल आणि नारळ, "अगदी बरोबर आहे मॅडम", टेम्पो. काही ठेवलं नाही. सांगताना मी तिच्याकडे बघत नव्हतो, टेबलावरच्या बुशांकडे बघत होतो.

तिने टेबलावरचा एक बुश उचलला. मग म्हणाली, "म्हणजे मला येत नव्हतं, ते माझं नव्हतं?"

"नाही. तुला कोणी हातात दिलंच नाही. ते माझ्यामुळे."

तिच्या तोंडचं ते सगळं शिकवलेलं, घडीचं बोलणं गळून पडलं. "मंग त्या दिशी का नाय सांगितलं?" तिचा आवाज चढला. "तुमी मला बोल्ले, तुला जमनार नाय. मी घरी जाऊन आयेला सांगितलं, मला जमनार नाय. बाबा बोटीवरून आले तवा त्यांना सांगितलं. सगळ्यांना सांगितलं मी! आनि तुमाला ठाव होतं?"

"होतं."

"आनि एवढे महिने मी तुमचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले."

मला माफ कर म्हणायचं होतं. ते ओठांवर आलंही होतं. पण तिने मला तेवढी जागाच दिली नाही. "आमी एकोनीस जनं होतो वर्गात," ती म्हणाली. "एकालापन या लाईनीत नोकरी नाय. कोन मॉलमधे हाय, कोन पार्सल वाटतो. सगळ्यांना वाटतं, आपलंच डोकं नाय. त्यांना कोन सांगनार?"

तपासणीच्या रजिस्टरचं एक पान तिने टर्रकन फाडलं. मोबाइल काढला आणि बसून एकामागून एक नंबर उतरवायला लागली. अठरा. प्रत्येकापुढे नाव. मध्ये एकदा तिने डोळे पुसले, पण लिहिणं थांबवलं नाही. मग कागद माझ्यापुढे सरकवला.

"लावा," म्हणाली.

मी म्हटलं, संध्याकाळी निवांत करतो. तिने माझा फोन उचलून माझ्या हातात दिला. मी पहिला नंबर लावला. खूप वेळ वाजला. मुलाने उचलला तो झोपेतूनच. तुळिंजला राहणारा, कुठल्याशा गोदामात रात्रपाळीला पार्सलं बांधतो. मी माझं नाव सांगितलं, गाळ्याचं सांगितलं, आणि मग जे सांगायचं ते सांगितलं: तुम्हाला कॉलेजात जे हातात द्यायला हवं होतं ते देऊ नका असं लिहून देणाऱ्यांतला मी एक. न वाचता लिहून दिलं. तुझं काही चुकलेलं नव्हतं.

पलीकडे कोणीतरी भांडी लावत होतं.

"सर," तो म्हणाला, "हे तुम्ही माझ्या पप्पांना सांगाल? ते रोज म्हणतात, तीन वर्षं फुकट घालवलीस." आणि मी हो-नाही म्हणायच्या आत त्याने लांब हाक मारली, "पप्पा, ओ पप्पा, जरा या ना इकडे." चपलांचा आवाज जवळ आला, फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला, आणि माझ्याच वयाचा एक माणूस खाकरून म्हणाला, "हां, बोला."